कास्टनरच्या पत्राचं तिसरं पान

दस्तगीर मिस्त्रींचं पत्र मस्कतहून आलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो. निळं एरोग्राम, आत पेन्सिलीने आखलेल्या ओळी आणि त्या ओळींवर एकेक अक्षर दाबून लिहिलेलं. मिस्त्री चौथीपर्यंत शिकले होते. एवढं पत्र लिहायला त्यांना दोन शुक्रवार तरी लागले असणार. सुरुवातीला तिकडची हवा, जेवण, गॅरेजमधला सुदानी फोरमन असं सगळं होतं. शेवटी हे होतं :

'सर, राग मानू नका. जर्मनवाल्याच्या चिठ्ठीचं तिसरं पान हाताने लिहिलेलं होतं. तुम्ही बोलला होता की ख्यालीखुशाली आहे. त्यात बुशाबद्दल एक शब्द पण नव्हता का? नसेल तर चूक माझ्या बोटांची. ते मी मान्य करीन. पण होता की नव्हता तेवढं खरं कळवा. नवीन बुश हातात घेतला की मला तेच आठवतं आणि हात थांबतो.'

एका ओळीत उत्तर देता आलं असतं. मी छत्तीस वर्षं दिलं नाही.

मी कोल्हापुरात एका तंत्रनिकेतनात ग्रंथपाल होतो. मिस्त्री पहिल्यांदा आले ते दुपारी तीनच्या सुमाराला. दारातच उभे राहिले. काळा पडलेला निळा शर्ट, हातात रुमालाची पुरचुंडी.

"चपला भाईर काडू का?" त्यांनी विचारलं.

"नको, असू द्या."

त्यांनी काढल्याच. माझ्या टेबलापाशी येऊन रुमाल सोडला. आत पिवळट प्लास्टिकचा चुरा होता.

"ह्येचं पुस्तक हाय का सर, तुमच्याकडं?"

मी चुऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात इतकी पुस्तकं सांभाळली, पण कुणी असा चुरा आणून त्याचं पुस्तक मागितलं नव्हतं.

"कशाचा आहे हा?"

"आबासाहेब इंगवल्यांच्या गाडीचा."

ती गाडी मी रस्त्यावर पाहिली होती. सगळ्या गावाने पाहिली होती. कासवासारख्या पाठीची, फिक्या पिवळ्या रंगाची जर्मन स्पोर्ट्स कार. एक परदेशी इंजिनिअर धरणाच्या कामावर आला होता, तो जाताना इथेच ठेवून गेला आणि ती आबासाहेबांकडे आली. आबासाहेबांचे गुऱ्हाळाच्या चरकांचे मोठे कारखाने. त्यांनी ती दस्तगीर मिस्त्रींच्या हवाली केली. मिस्त्रींनी तीन वर्षं खपून तिच्यात, गोव्यात अपघात झालेल्या तसल्याच एका गाडीचं मोठं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं, मागची चाकं रुंद केली. उद्यमनगरातून ती निघाली की लेथवर काम करणारी माणसं मशीन बंद करून दाराशी येत.

"ह्या गाडीचं समदं उलटं हाय सर," मिस्त्री सांगू लागले. "इंजिन मागं, गिअरबॉक्स मागं, आन् लिव्हर हितं फुडं. मधी एक लांब दांडा. लिव्हरच्या खालचा गोळा ज्या वाटीत बसतो न्हवं, ती वाटी म्हंजे ह्यो बुश. त्येचा झाला चुरा. आता दुसरा गिअर टाकाय जावं तर चौथा पडतोय. बायकूला हाक मारावी आन् सासू भाईर यावी, तसलं चाललंय."

मला हसू आलं. मी फारसा हसत नसे, म्हणून ते माझ्याकडे बघून आणखी खुलले.

"आन् दुसरं म्हंजे तेल. हिच्यात पाणी न्हाईच. तेलावर आन् वाऱ्यावर गार हुतीया. इंजिन झालं मोठं, कूलर ऱ्हायला बारका. सपाटीला ठीक, घाट आला की काटा लालीत. फुडच्या बंपरमागं जादाचा ऑइल कूलर पायजे. मी ट्रॅक्टरचा लावून बघितला, कॉम्प्रेसरचा लावून बघितला. ट्रॅक्टरचा मावंना, आन् कॉम्प्रेसरच्यातनं तेलाला वाटच मिळंना."

"मग मी काय करू शकतो?"

"तुमाला जर्मन येतंय म्हनं."

मला जर्मन येत होतं ते एवढंच : पुण्याच्या वर्गाच्या दोन परीक्षा टपालाने अभ्यास करून दिल्या होत्या. छापलेलं वाचू शकत असे, शब्दकोश हाताशी असला तर. पण कोल्हापुरात तेवढंही कुणाला येत नव्हतं, आणि माझ्याबद्दल लोकांना सांगण्यासारखी तीच एक गोष्ट होती.

"थोडंफार," मी म्हणालो.

"थोडं बास की. आमाला कुटं लगीन जमवायचंय तिथं?"

आबासाहेबांनी त्यांना एक अट घातली होती, ती त्यांनी चपला घालता घालता सांगितली. मुंबईचं एक गिऱ्हाईक गाडीसाठी मागे लागलं होतं. आबासाहेबांचं म्हणणं असं की, जी गाडी घाट चढत नाही ती दारात ठेवून काय करू? पावसाळ्याच्या आत गगनबावड्याचा करूळ घाट खालून वरपर्यंत न थांबता चढून दाखव. चढली तर गाडी कोल्हापूर सोडणार नाही, आणि तिच्या अंगाला तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. थांबली तर मुंबईला जाईल.

"तीन वर्सं झाली सर," ते म्हणाले. "पोरीपरीस जास्त तिच्याकडं बघितलंय मी. पोरीला ह्ये सांगू नका."

तंत्रनिकेतनाला कुणीतरी जुन्या जर्मन मोटार-मासिकांचे गठ्ठे भेट दिले होते. मी ते उघडले. आठवडाभर दुपारच्या सुट्टीत मागच्या पानांवरच्या लहान जाहिराती वाचत होतो. मिस्त्री रोज येत. चपला काढत, समोर बसत, आणि मी पान उलटलं की विचारत, "गावला का?" एका जाहिरातीत सापडला : व्ही. कास्टनर, जुन्या मॉडेलचे सुटे भाग, आणि दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावाचा पत्ता. मासिक सहा वर्षांपूर्वीचं होतं.

मी पत्राचे आठ खर्डे केले. मिस्त्रींनी तेलाच्या नळ्यांचा नकाशा काढून दिला. तो माझ्या जर्मनपेक्षा कितीतरी स्वच्छ होता.

उत्तर दोन महिन्यांनी आलं आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी पार्सल. आम्ही दोन्ही एकदमच उघडायचं ठरवलं होतं, म्हणून पत्र मी पंधरा दिवस टेबलाच्या खणात न फोडता ठेवलं. हे मिस्त्रींच्या हट्टामुळे. "नवरीबरोबर करवली पायजे," ते म्हणाले.

त्यांच्या गॅरेजात, लाकडी बाकावर, रविवारी सकाळी पार्सल उघडलं. मेणकापडात गुंडाळलेला ऑइल कूलर निघाला, जुना पण चकचकीत पुसलेला. त्याच्यासोबत तेल तापल्यावर आपोआप वाट उघडणारा व्हॉल्व्ह. आणि एका आगपेटीएवढ्या डबीत, कापसात ठेवलेला, एकच पांढरा बुश. मिस्त्रींनी तो बोटांच्या टोकांवर धरला आणि उजेडात फिरवला.

"वाचा सर."

पहिली दोन पानं टाइप केलेली होती. कूलर कुठे बसवायचा, कुठल्या नळीतून तेल आत आणि कुठल्या नळीतून बाहेर, व्हॉल्व्ह कुठल्या तोंडाने लावायचा, सगळं क्रमाने. कशाचे पैसे नकोत, हे सगळं माझ्याकडे धूळ खात पडलं होतं, असंही होतं. मी अडखळत वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. मिस्त्री मध्येच "व्हय", "बरोबर", "आस्सं हाय काय!" म्हणत होते. अठरा मिनिटं मी त्या गॅरेजात एक मोठा माणूस होतो. दुसऱ्या पानाच्या शेवटी होतं : बुश हा एकच मिळाला. नायलॉनचा दांडा घेऊन त्याच्यावरून दुसरे करून घ्यावेत, तुमच्याकडे कारागीर आहेत असं तुम्ही लिहिलंच आहे.

मग तिसरं पान. ते हाताने लिहिलेलं होतं.

मी ते डोळ्यांसमोर धरलं आणि मला एकही शब्द कळला नाही. अक्षर वाईट नव्हतं. उलट सुरेख होतं, पण ती अक्षरंच मी कधी पाहिली नव्हती. टोकदार, एकसारखी, कुंपणाच्या काट्यांसारखी एकापुढे एक उभी. कुठे एक अक्षर संपतं आणि दुसरं सुरू होतं तेही दिसेना.

"भोकाबद्दल काय म्हनतोय का बघा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी बुशात कॅलिपर घातला होता. "ह्येचं भोक गोल न्हाई सर. लांबट हाय. एका बाजूनं जरासं जास्त."

मी पानावरून नजर फिरवली. वरपासून खालपर्यंत. वाचणारा माणूस जितका वेळ घेईल तितका वेळ घेतला.

"नाही," मी म्हणालो. "हे असंच आहे, ख्यालीखुशाली."

"बरी हाय न्हवं त्येची तब्येत?"

"बरी आहे."

"मग लांबट ते मुद्दाम केल्यालं असणार," ते स्वतःशीच म्हणाले. "जर्मन मानूस उगाच काय करत न्हाई. लिव्हरला खेळाय जागा दिली असंल."

उद्यमनगरात सॅम्पल म्हणजे शेवटचा शब्द. कुणी नकाशा मागत नाही. सॅम्पल द्यायचं, त्याच्यावरून माल घ्यायचा. आणि सॅम्पलमध्ये आपली अक्कल चालवायची नाही, ही मिस्त्रींची पहिल्यापासूनची शिस्त होती. त्यांच्या वस्तादाने त्यांना त्यासाठी एकदा कानफटात मारली होती, कारण एका पंपाचा पंखा त्यांनी 'सुधारून' दिला आणि तो पंप विहिरीत जाऊन बसला. ते त्या दिवशी लेथवर बसले आणि दुपारी दोनपर्यंत त्या बुशाचे चार भाऊ तयार झाले. गोल भोक लेथ पाडून देतो; लांबट करायला त्यांनी कानशीने, मग पॉलिश पेपरने, मग नुसत्या बोटाने काम केलं. पाचही बुश माझ्या हातावर ठेवले.

"ह्येतला जर्मन कुठला, सांगा."

मला सांगता आलं नाही. ते इतके खूश झाले की, त्यांनी मला भजी खायला घातली.

अस्सल सॅम्पल कापसात घालून पुन्हा डबीत ठेवलं. गाडीत स्वतः केलेला बसवला, कारण सॅम्पल वापरायचं नसतं, जपायचं असतं. रंकाळ्याच्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या. लिव्हर थोडं डुलत होतं, पण गिअर पडत होते. "नवीन चप्पल हाय, बसंल," मिस्त्री म्हणाले.

घाटाचा दिवस ठरला. गाडीत पुढे दोन माणसांची जागा आणि मागे लहान मुलांना बसवावं अशी एक चिमूटभर गादी. आबासाहेब पुढे, मिस्त्री चालवायला, आणि मागे गुडघे छातीशी घेऊन मी. मला यायचं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "तुमीच तिला औषध आणलंय. तुमी न्हाई तर कोन?"

आम्ही गगनबावड्याहून घाट उतरून खाली गेलो. वैभववाडीत चहा घेतला. आबासाहेब धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, बोलायला मोकळे.

"काय ग्रंथपाल, भ्या वाटतंय का?"

"नाही," मी म्हणालो. वाटत होतं.

"दस्तगीर, घाम पूस. तू चढणार न्हाईस, गाडी चढणार हाय."

"आबासाहेब, म्या आन् ती काय येगळं हाय?"

चढण सुरू झाली. माझ्या पाठीमागे अगदी खेटून ते इंजिन होतं, आणि त्याचा आवाज पाठीच्या कण्यातून येत होता. मी मिस्त्रींच्या खांद्यावरून तेलाच्या काट्याकडे बघत होतो. पहिलं वळण, दुसरं, पाचवं. काटा मधोमध, ढिम्म हलेना. मिस्त्रींनी एकदा आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि नुसत्या भुवया उडवल्या. कास्टनरच्या टाइप केलेल्या दोन पानांतला शब्द न् शब्द बरोबर उतरला होता, आणि तो मी वाचला होता. मला इतका आनंद आयुष्यात फार वेळा झालेला नाही.

"अरं, गार हाय की रं!" आबासाहेब काट्यावर बोट आपटून म्हणाले. "ह्यो तर सर्बतावानी गार हाय!"

निम्म्याच्या वर एक फार आवळलेलं वळण आहे. समोरून ट्रक उतरत होता. मिस्त्रींनी वेग कमी केला, ट्रक गेला, त्यांनी दुसऱ्या गिअरसाठी लिव्हर ओढलं. ते नुसतंच आलं. कणिक तिंबताना हात बुडावा तसं. पुन्हा ओढलं, चौथा पडला, इंजिनाने दोन आचके दिले. पुन्हा ढकललं, काहीच पडलं नाही. गाडी मागे सरकू लागली. मिस्त्रींनी हातब्रेक ओढला आणि गाडी थांबली.

इंजिन चालूच होतं. तेलाचा काटा अजून मधोमधच होता.

मिस्त्री उतरले, चाकामागे दगड लावला, आत वाकून लिव्हरचं झाकण खोललं. बुश काढला. तापून त्याचं भोक आणखी पसरलं होतं. गोळा त्यात नुसता घरंगळत होता. ते बराच वेळ तो बोटांत फिरवत राहिले.

"काय झालं रं?" आबासाहेबांनी विचारलं.

"बुश ढिला. खेळाय जागा नव्हती ती, आबासाहेब. झिजल्यालं हुतं सॅम्पल. म्या झीजच उतरवली."

"जर्मनानं झिजलेला धाडला?"

"धाडला आसंल. म्या वळखायला पायजे हुता. बुश माझा. चूक माझी."

मी मागच्या गादीवर गुडघे आवळून बसलो होतो. त्या क्षणी माझ्या मनात एकच गोष्ट होती : तिसऱ्या पानावर हेच लिहिलं असणार. नमुना झिजलेला आहे, भोक गोल पाडा, अमुक मापाचं पाडा. तो इतका व्यवस्थित माणूस, त्याने ते लिहिलंच असणार. आणि मी 'ख्यालीखुशाली' म्हणालो होतो. तोंड उघडायचं होतं. "मिस्त्री, ते पान मला वाचता आलं नव्हतं," एवढे सात शब्द. मी ते मनात जुळवले, पुन्हा जुळवले. तोवर मिस्त्रींनी स्वतःच्या कमरेच्या पट्ट्याचं कातडं कापून बुशात कोंबलं आणि लिव्हर बसवलं.

"चला. घरला तर न्हेतो."

त्या कातड्यावर गाडी घाट चढली, लोण्यातून सुरी जावी तसे गिअर पडत गेले. वर पोचल्यावर आबासाहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"दस्तगीर, मला लई वाईट वाटतंय. पण शब्द म्हंजे शब्द. तिकडंबी दिलाय म्या."

"व्हय की. थांबली ती थांबली."

महिन्याभराने गाडी ट्रकवर चढली. मिस्त्रींनी ती स्वतः दोरांनी बांधली, काचेवर पडलेला हाताचा ठसा बाहीने पुसला, ड्रायव्हरला दोनदा सांगितलं की लिव्हरशी खेळू नको. मग आमच्याकडे पाठ करून चहा प्यायले. पुढच्या वर्षी ते मस्कतला गेले.

आणि मग ते निळं पत्र आलं.

पान माझ्याकडेच होतं. पुण्यात मला टपालाने जर्मन शिकवलेल्या बाई होत्या, त्यांना दाखवलं असतं तर त्यांनी वाचलं असतं. मी नेलं नाही. घाटाआधी नेलं नाही ते लाजेने, घाटानंतर नेलं नाही ते भीतीने. तिथे लिहिलेलं वाक्य मला माहीत आहे अशी माझी खात्री होती, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मिस्त्रींना 'होय' लिहायचं धाडस नव्हतं आणि 'नाही' लिहिण्याइतका मी वाईटही नव्हतो. म्हणून काहीच लिहिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दोन ईदींना कार्डं आली, मग तीही थांबली.

गेल्या हिवाळ्यात एका बंद होणाऱ्या वाचनालयाची पुस्तकं निवडून द्यायला मला बोलावलं होतं. त्यात एक जर्मन सुलेखनाचं पुस्तक निघालं, आणि त्यात एक तक्ता : पूर्वीच्या जर्मन शाळांत शिकवत ते जुनं हस्ताक्षर, प्रत्येक अक्षराखाली आजचं अक्षर. तीच कुंपणाच्या काट्यांसारखी ओळ. मी ते पुस्तक मागून घेतलं.

पान सोडवायला अकरा दिवस लागले. एका बाजूला तक्ता, एका बाजूला शब्दकोश, भिंग. पहिले तीन दिवस मी फक्त 'झिजणे' हा शब्द शोधत होतो. तो नव्हता. माप शोधलं, एकही आकडा मिलिमीटरचा नव्हता. मग सुरुवातीपासून एकेक शब्द लावत गेलो. लागलं ते असं :

'कामाचं सगळं टंकयंत्रावर लिहिलं. पुढचं यंत्रावर लिहिता येत नाही. तो बुश माझ्या दुकानात एकही उरलेला नाही. म्हणून आज सकाळी मी माझ्या स्वतःच्या गाडीतला काढला. एकोणीस वर्षं तो तिच्यात होता. दर उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी एल्झा त्या गाडीतून डोंगरापलीकडे जात असू. ती म्हणायची, तुम्ही माझा हात जितका वेळ धरला नाहीत तितका वेळ ते लिव्हर धरलंत. ती मार्चमध्ये गेली. मी आता गाडी चालवणार नाही. तुमचा मित्र तुमच्या डोंगरावर जाईल हे वाचून मला बरं वाटलं. गाडी वर पोचली की दोन ओळी लिहा.'

मी भिंग खाली ठेवलं. म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो. ती ख्यालीखुशालीच होती. आणि तीच जर मी त्या रविवारी बाकावर बसून वाचली असती तर मिस्त्रींनी मला वाक्यही पुरं करू दिलं नसतं. "एकोनीस वर्सं? थांबा सर, थांबा. मग ह्ये लांबट न्हाई, झिजलंय!" मला तो आवाज स्पष्ट ऐकू आला.

कास्टनर तेव्हाच सत्तरीचे असावेत. त्यांना दोन ओळी लिहायची वेळ केव्हाच निघून गेली होती. मिस्त्रींचं काय, ते मला कळेना. उद्यमनगरात एका रंगवाल्याकडे चौकशी केली. तो म्हणाला, "दस्तगीर मिस्त्री? कुरुंदवाडला लेकीकडं असत्यात की. डोळ्याला कमी दिसतंय. तोंड अजून तसंच हाय."

कुरुंदवाड इथून दीड तासाच्या एसटीवर आहे. मला जाता आलं असतं. पण समोर बसून हे सांगणं मला या जन्मी जमलं नसतं, हे मला माहीत होतं. गेलो असतो, चहा प्यायलो असतो, त्यांच्या विनोदावर हसलो असतो आणि परत आलो असतो.

म्हणून लिहिलं. पहिलं पत्र चार पानी झालं, त्यात साडेतीन पानं माझ्याबद्दल होती. ते फाडलं. शेवटी लिहिलं ते एवढं :

'प्रिय दस्तगीर मिस्त्री, तुम्ही विचारलं होतं, तिसऱ्या पानावर बुशाबद्दल काही होतं का. होतं. ते अक्षर मला वाचता येत नव्हतं, आणि येत नाही हे मी तुम्हाला सांगितलं नाही. घाटात सांगितलं नाही, तुमचं पत्र आल्यावरही नाही. तो बुश त्यांच्या स्वतःच्या गाडीतला होता, एकोणीस वर्षं वापरलेला. हे मी तेव्हा वाचून दाखवलं असतं तर गाडी थांबली नसती. तुमच्या बोटांची चूक नव्हती. बोटांपुढे जे ठेवलं ते त्यांनी एका केसाचा फरक न करता उतरवलं. त्या एकोणीस वर्षांत एक माणूस आणि त्याची बायको डोंगरापलीकडे जात होते, तेही त्यात उतरलं असणार. पानाचं मराठी सोबत जोडतो. मोठ्याने वाचून घ्या. तुमचा, नरहर कुंभोजकर.'

पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं आणि आमच्या कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेलो. तिथे पोस्टाची एक बाई स्कूटर लावून पेटीचं कुलूप उघडत होती. मी जरा लांब उभा राहिलो, ती जाईल म्हणून.

"काका, टाकायचंय का? द्या की हितंच."

"नाही... म्हणजे हो. तुमचं होऊ द्या."

"माझं काय व्हायचंय? चार पत्रं असत्यात, त्यातली दोन बँकेची." तिने हात पुढे केला. मी पाकीट दिलं. तिने पत्ता वाचला. "झ्याक अक्षर हाय. कुरुंदवाड? माझं माहेर शिरोळ. पावण्याला हाय का?"

"मित्राला."

"परवापतूर मिळंल."

"थोडा उशीरच झालाय," मी म्हणालो.

"हुतंय की काका. आता लोक लिवत्यात हेच लई."

तिने पाकीट पिशवीत टाकलं, पिशवीचं तोंड आवळून स्कूटरच्या पुढे अडकवलं आणि किक मारली. मला वाटलं, अजून हाक मारता येईल. तोवर ती कोपऱ्यावरून वळली होती.